ओढ्याकाठची पिवळी फुलं

मोबील, १२ जानेवारी १९५८

ती. नेल्डाताईस सा. न. वि. वि.

घरी यायला निघालोच होतो बघ. वाटेत कोळंबीच्या बोटीवर माणूस हवा होता, मालक बँजो वाजवत होता, ऐकता ऐकता मीच चढलो. फेब्रुवारीत रान जाळायला नक्की येतो. पप्पा गेल्यापासून दोन हिवाळे रान पेटलं नाही, ठाऊक आहे मला. लोभ आहेच, थोडा धीरही धर.

तुझा हॉयट

डार्बी क्रॉसिंग, जॉर्जिया, ५ मार्च

चि. हॉयटला अनेक आशीर्वाद.

फेब्रुवारी आला नि गेला, तू नाही आलास. पाइनांखाली झुडपं कमरेला लागलीत. पप्पांच्या आवडीचं ते जांभळ्या गाभ्याचं पिवळं फूल गेल्या शरदात जेमतेम दिसलं. सावलीत ते जगत नाही. रान जळून जमीन उघडी झाली तरच येतं. यंदाही राहिलं तर संपलंच म्हणायचं. शेजारचे म्हातारे पर्व्हिसकाका म्हणाले, पोरी, एकटीने काडी ओढू नकोस. एकाने पेटवायचं, एकाने आग अडवायला नांगरलेल्या पट्ट्यावर राखण करायची. मी म्हटलं, दुसरा कुठून आणू, तुमच्या परसातून उपटून? उद्या वारा उत्तरेचा आहे. पट्ट्यावर आई उभी राहील. खुशाली तरी कळवत जा.

नेल्डा

मोबील, १९ मार्च

ताई, सा. न.

वेडी का तू? आईला पट्ट्यावर? तिचे गुडघे! आम्ही समुद्रावर होतो, पत्र आज मिळालं, नाहीतर... आता नाहीतर काय म्हणा. इथल्या पेलिकन पक्ष्यांची एक गंमत सांगणार होतो, राहू दे. अबोला धर हवं तर, पण तार कर.

हॉयट

डार्बी क्रॉसिंग, २८ सप्टेंबर

चि. हॉयटला आशीर्वाद.

तार केली नाही, काय लिहावं सुचेना. रान नीट जळलं. ठिणगी पट्टा ओलांडून आली, ती आईने ओल्या पोत्याने झोडपली. तेव्हा धूर छातीत गेला, खोकला अजून आहे. रोज रात्री मी तिच्या उशाशी. वर म्हणते कशी, तुझा बाप मला कधी पट्ट्यावर येऊ देत नव्हता, एकदाची हौस फिटली. पर्व्हिसकाका सांगून गेले, ओढ्याकाठी फुलंच फुलं आहेत. मी बघायला गेले नाही. पायच उचलत नाहीत. पुढच्या हिवाळ्यात मी काडी ओढणार नाही. येणार नसशील तर तसं लिही, निदान वाट बघणं थांबेल.

नेल्डा

घरीच, स्वयंपाकघरात, ९ ऑक्टोबर

ताई,

भर दुपारी मेल्यासारखी झोपलीयस, उठवत नाही. आईने मला न ओळखल्याचं सोंग केलं, म्हणाली, कोण गं हा, माशांचा वास मारतोय. औषध मात्र घेतलं. ओढ्याकाठी जाऊन आलो. तुझ्यासाठी एक फूल आणणार होतो, पण बी तिथेच पडू दे म्हटलं. पर्व्हिसकाकांकडे खेचर नि नांगर मागितलाय, पट्टा नांगरायला. म्हणाले, पोरा, नांगर परत करायला तरी थांबशील ना?

भाकर झाकून ठेवलीय. आज रात्री आईजवळ मी बसतो. तू उठू नकोस.

हॉयट