पिठाच्या डब्याचं वचन

बाई,

बोलतेय मी, लिहितोय माझा थोरला. तसा एकुलता एकच आहे, पण थोरला म्हटलं की जरा भरल्या घरासारखं वाटतं. पूर्वी या थट्टेला तो हसायचा. जसं सांगीन तसंच लिहायचं, मध्ये शहाणपणा करून सुधारायचं नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. सध्या त्याला वेळच वेळ आहे. महादेवपुऱ्याच्या ऑफिसानं सकाळी आत बोलावलं आणि दुपारी कायमचं घरी पाठवलं, त्यावर अख्खा उन्हाळा गेला. तुम्हाला जाऊन तर इतकी वर्षं झाली की बेळगावात तुमच्या कबरीवरची अक्षरंही पुसली असतील. माझं त्यावाचून काही अडत नाही. मला ती तेव्हाही वाचता येत नव्हती.

तुम्ही आमच्या घरी यायचात ते अक्षरं शिकवायलाच. चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येक सुनेला पवित्र शास्त्र वाचता आलंच पाहिजे, हा तुमचा हट्ट. मी पाटीवर ‘अ’ काढायचे आणि दुसऱ्या दिवशी तो मला ओळखायचा नाही. शेवटी एकदा तुम्ही माझ्या हातातून पाटी ओढून घेतलीत. “पोरी, तुझ्या डोक्यात पाटी नाही, मांडणी आहे मांडणी!” रागानंच म्हणालात. मग चुलीशेजारच्या आमच्या मांडणीकडे बघत राहिलात, आणि उठून एकेका डब्यावर बोट टेकवत शास्त्रातलं एकेक वचन ठेवत गेलात. मिठाच्या बरणीवर मिठाचं. मोहरीवर मोहरीएवढ्या विश्वासाचं. डाळीच्या डब्यात एसाव, ज्यानं एका वाटी आमटीपायी थोरलेपण विकून टाकलं. जिऱ्यावर ते कर्मठ परूशी, जिऱ्याचासुद्धा दशांश देणारे आणि दया विसरणारे. साखरेचं काय, म्हणून मी विचारलं, तर म्हणालात, “शास्त्रात साखर नाही, मध आहे. आहे का तुझ्याकडे मध? मग गप्प चहा पी.” नियम एकच होता. सकाळी ज्या डब्याला पहिला हात लागेल, त्या दिवशी वचन त्याचं. निवडायचं नाही.

ते डोक्यातलं फडताळ घेऊन मी बंगळूरला आले. इथे आपली मराठी उपासना महिन्यातून एकदा, तीही दुसऱ्या मंडळीच्या चर्चात, त्यांची उरकली की. म्हणून पाळकांनी फोनवर गट केलाय. कोणी इलेक्ट्रॉनिक सिटीत, कोणी कोरमंगलात, आज नोकरी आहे तर उद्याचं कुणालाच माहीत नाही. त्यांना रोज सकाळी आज्जीचं मनन लागतं. मी डबा उघडते, मुलगा फोन धरतो, मी स्वल्प बोलते, तो पाठवतो. सुनेनं मध्ये सगळे डबे काढून एकसारख्या काचेच्या बरण्या आणल्या आणि वर चिठ्ठ्या चिकटवल्या. म्हटलं, “चिठ्ठ्या कुणासाठी गं? डाळीला वाचता येतं का?” बरण्या चालवून घेतल्या, पण पिठाचा पत्र्याचा डबा काही मी सोडला नाही.

नोकरी गेल्यापासून तो फोन धरतो, पण शेवटी आमेन म्हणत नाही. मी विचारलं नाही. विचारणार कुठल्या तोंडानं, माझंही तसंच झालंय. वचनं येतात, बिनचूक येतात, नळाला पाणी यावं तशी. आत मात्र काही हलत नाही. रडू नाही, राग नाही, देवाशी भांडणसुद्धा नाही. भांडण असतं तर बरं होतं, त्यात मी हुशार. गटावरचे लोक म्हणतात, आज्जी, तुमच्या बोलण्यानं धीर येतो. येत असेल. चुलीला कुठे ठाऊक असतं भाकरीची चव कशी झाली ते. तो गॅलरीत कठड्याला टेकून खाली बघत उभा राहतो, कधी फार वेळ उभा राहतो. मग मी आत भांडी वाजवते. “काय पडलं गं?” असं तो आत वळून विचारतो. “काही नाही, झाकण.” सध्या माझी प्रार्थना म्हणाल तर तेवढीच.

इथे याचं बोट थांबलंय. लिही रे.

परवा सकाळी माझा हात पिठाच्या डब्यावर पडला. झाकण काढलं तर तळ दिसतोय. जोंधळ्याचं पीठ, एवढंसं, कडेला चिकटलेलं. त्यावरचं वचन तुम्हीच ठेवलेलं, बाई. दुष्काळातली ती विधवा, मडक्यात मूठभर पीठ, आणि दारात भाकर मागणारा संदेष्टा. लोकांना शेवट आवडतो, की मडकं रिकामं झालंच नाही. पण त्याच्या आधी ती म्हणते, आता माझ्यापुरतं आणि माझ्या मुलापुरतं एवढं भाजते, आम्ही ते खाऊ आणि मरू. हे वाक्य मी आजवर कितीदा बोलले असेन, जिभेला कधी टोचलं नाही. आणि परवा माझा मुलगा फोन धरून माझ्या समोर उभा. मी तोंड उघडलं आणि मिटलं. कुकरची शिट्टी झाली. खालून पालेभाजीवाला “सोप्पु, सोप्पु” ओरडत गेला. यानं तेवढंच पाठवून दिलं. आणि बाई, आमेनवर आमेन! ऐकून संपायच्या आत. एकानं लिहिलं, आज्जी, आज फार खोल गेलात.

“आई, शिट्टीला आमेन आलेत,” हा म्हणाला. पूर्वीचे असतो तर आम्ही दोघं पोट धरून हसलो असतो.

“का गं थांबलीस?”

“पीठ संपत आलंय.”

“मागवतो.”

“सरी, बरं, मागव.”

तेव्हापासून तुमचा एक दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तुमच्या मुलाला माती दिली, आणि दुसऱ्या सकाळी तुम्ही नेहमीच्या वेळेला आमच्या दारात. सासूबाई म्हणतात, “आज कशाला आलात हो बाई?” तुम्ही म्हणता, “आज डाळ आहे ना?” आणि सूप पुढे ओढून निवडायला बसता. डाळ मी आदल्या दिवशीच निवडून ठेवलेली, पण ते सांगायचा मला धीर होत नाही. तुम्ही एसावाची गोष्ट सांगता, आमटी कशी करायची ते सांगावं अशा आवाजात. एक खडा सापडत नाही, तरी बोटं थांबत नाहीत. मी तेव्हा मंडळीभर सांगत फिरले की विश्वास असावा तर आमच्या बाईंसारखा. आता वाटतं, तुम्हाला नुसती बसायला जागा हवी होती आणि हाताला काहीतरी. तुमच्याही आत तेव्हा काही हलत नव्हतं ना? तसं होतं तर मला सांगायचंत. पण नाहीच सांगितलंत ते बरं. मला काय कळलं असतं? मी समोर बसून राहिले, तेवढ्यानं भागलं असेल. भागलं का?

हा लिहिता लिहिता थांबला. “आई, हे तू बाईंना सांगतेयस की मला?”

“तू लिही.”

“गॅलरीचं ठेवू?”

“ठेव.”

तो उठला, गॅलरीचं दार लावून आला. डास येतात म्हणाला. आता समोर बसलाय आणि विचारतोय, हे पाठवायचं कुठे. म्हटलं, कुठे नको. गटावर तर मुळीच टाकू नकोस, आमेन येतील. असू दे तुझ्याजवळच.

आणि बाई, एक राहिलं. तळ दिसत होता खरा, पण खरवडून एका भाकरीचं पीठ निघालं. ती मी थापली, आणि ओट्याशी उभ्या उभ्याच आम्ही दोघांनी खाल्ली. मोडताना एक तुकडा मोठा झाला. तो मी त्याला दिला नाही, मीच खाल्ला. भूक लागली होती हो. बऱ्याच दिवसांनी.