रिकाम्या ताटाची नोंद

प्रिय ताई,

महिन्यापूर्वीच्या एका गुरुवारी सकाळी पावणेआठ वाजता तुझा हा एकोणपन्नास वर्षांचा भाऊ, दवाखान्याच्या स्वयंपाकघराचा प्रमुख, वॉर्डातल्या पडद्याआड चोरासारखा उभा होता. हातात वही, कानावर पेन, पायात मुद्दाम घातलेल्या न वाजणाऱ्या चपला. झाडूवाल्या मावशींनी पाहिलं आणि "साहेब, काही हरवलंय का?" असं इतक्या मोठ्यांदा विचारलं की मी त्यांना तिथल्या तिथे हातच जोडले. पडद्याआडून काय दिसलं ते सांगतोच, पण मी तिथे का होतो ते आधी ऐक, नाहीतर म्हणशील पुस्तकं वाचून ह्याचं डोकं फिरलं.

तुला फोनवर एवढंच सांगितलं होतं की मी पुन्हा शिकायला लागलोय, माणसाच्या आहारावर संशोधन करतोय, आणि ते तडीस गेलं तर वरची पदवी मिळेल. तू काय म्हणालीस आठवतंय? "खाण्याचा अभ्यास? मग तुझा पहिला नंबर ठरलेलाच, खादाडा!" मग "जेवलास का?" विचारलंस आणि फोन ठेवलास. तुझा फोन नेहमी तिथेच संपतो. म्हणून हे पत्र.

ताई, किती मजा येतेय म्हणून सांगू! गावच्या शाळेत पाटीवर थुंकी लावून पुसणारा मी, आता माझ्या गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र आहे. त्यावरच्या फोटोत मी घाबरलेल्या बोकडासारखा दिसतो, असं तुझ्या वहिनीचं मत. वर्गात सगळी पोरं-पोरी माझ्या निम्म्या वयाची. एक मुलगी इतकी बारीक आहे की सगळे तिला काडी म्हणतात, आणि ती आहार शिकतेय यावर रोज नवा विनोद होतो. तिनेच मला संगणकावर तक्ते करायला शिकवलं. पहिल्या दिवशी मी शिक्षक समजून तिला उभं राहून नमस्कार केला, ते ती अजून सगळ्यांना करून दाखवते. आणि काय काय कळतं गं! बावीस वर्षं मी पातेली मोजून अन्न पाठवत आलो, पण ते पोटात गेल्यावर त्याचं हाड कसं होतं, रक्त कसं होतं, जखम कशी भरते, ते आत्ता वाचतोय. सकाळी देवापुढे दिवा लावताना हल्ली माझे हात जास्त वेळ जोडलेले राहतात. एका घासामागे एवढा कारभार मांडून ठेवलाय त्याने, आणि आपण नुसते चावतो.

माझा विषय साधा आहे. हाड मोडून महिना-महिना पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसांना आपण जे पाठवतो त्यातलं ते किती खातात? काम असं की ताट जाताना वजन करायचं, परत आलं की उरलेल्याचं वजन करायचं, आणि दर आठवड्याला माणसाचं वजन घ्यायचं. चार महिने मी हे देवपूजेसारखं केलं. धुण्याच्या जागेशेजारी काटा मांडला, भात वेगळा, भाजी वेगळी, अंड्याचं टरफलसुद्धा वेगळं तोललं. ताटं बहुतेक रिकामी यायची. माझी छाती फुगायची, बावीस वर्षांची नोकरी सार्थकी लागली म्हणून. फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. ताटं रिकामी होत होती आणि माणसं वाळत होती.

आमच्या मार्गदर्शक मॅडम, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान पण धाकात ठेवणाऱ्या, म्हणाल्या, "काका, काटा बिघडलाय." काटा तपासून आणला. ठीक. काडी म्हणाली, "काका, तुम्हीच चव बघता बघता संपवत असाल." ते मात्र मी मनावर घेतलं नाही. समितीपुढे चार महिन्यांचे आकडे मांडायचा सोमवार तोंडावर आला होता. त्या बुधवारी भांडी घासणाऱ्या बाई सहज बोलून गेल्या, "साहेब, ताटाला काय विचारता? ज्याने खाल्लं त्याला विचारा." मी चमकलो. चार महिन्यांत मी एकदाही कुणाला जेवताना पाहिलं नव्हतं. आम्हा स्वयंपाकघरवाल्यांची खोडच ती. ताट परत आलं की आमचं काम संपलं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी पडद्याआड.

सात नंबरच्या पलंगावर एक आजी. मांडीचं हाड मोडलेलं, अंगाने एवढीशी. शेजारी स्टुलावर आजोबा, त्यांची काठी पलंगाला टेकवलेली. नाश्त्याचं ताट आलं. आजींनी ताट मांडीवर घेतलं, एक घास तोंडात टाकला, इकडे-तिकडे पाहिलं आणि ताट अलगद आजोबांच्या हातात दिलं. ते खाली मान घालून भराभर जेवले. अंडं, दूध, सगळं. मग आजींनी ताट परत घेतलं, चमचा त्यात नीट आडवा ठेवला आणि टॉवेलने स्वतःचं तोंड पुसलं. ताई, तोंड पुसलं! मला पडद्याआड उभं राहवेना. बाहेर येऊन म्हणालो, "आजी, हे काय?" त्या जराही गडबडल्या नाहीत. "जेवले की मी. ह्यांचं झालं म्हणजे माझं झालंच. घरी कोण करून घालणार ह्यांना? तुम्ही लिहा, सगळं संपलं. ताट रिकामं आहे, त्यात खोटं काय?" आजोबा काठी चाचपत बसले. त्यांच्याने वर बघवेना.

खरंच, त्यात खोटं काहीच नव्हतं. वहीतला आकडा बरोबर होता आणि बाई उपाशी होती.

मग तीन दिवस मी जेवणाच्या वेळी प्रत्येक पलंगापाशी जाऊन बसलो. कुणाची बायको, कुणाचा नवरा, कुणाची सांभाळायला आलेली म्हातारी बहीण. ज्यांच्या उशाशी कुणी होतं, त्यातल्या निम्म्यांहून जास्त जणांचं ताट दोघांत जात होतं. माझे चार महिने पाण्यात गेले होते. घरी सांगितलं तर तुझी वहिनी म्हणाली, "कुणाला कळलंय? सोमवारी मांडा आणि मोकळे व्हा. या वयात परत पहिल्यापासून ताटं तोलणार आहात का?" ती वाईट नाही गं, माझी दमछाक तिने पाहिली होती. खोटं कशाला बोलू, मलाही तो मोह झाला. रविवारी संध्याकाळी देवासमोर बसलो, पण डोळे मिटले की त्या आजी तोंड पुसताना दिसायच्या. आणि मग त्या आजींच्या जागी आणखी कुणीतरी.

सोमवारी समितीपुढे उभा राहिलो आणि पहिलंच वाक्य बोललो, "माझे आकडे चुकीचे आहेत." मग गुरुवारची सगळी हकीकत सांगितली. वाटलं, मॅडम आता उठून जातील. त्या उठल्या खऱ्या, पण टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "काका, अहो हाच तर प्रबंध आहे! आतापर्यंत करत होतात तो हिशेब होता!" जीव भांड्यात पडला माझा. समितीतले एक पिकल्या केसांचे प्राध्यापक चष्मा पुसू लागले. म्हणाले, "माझी आईही शेवटच्या आजारात असंच करायची. आम्ही डॉक्टरांना सांगायचो, छान जेवते."

पुढचं भराभर घडलं. समितीची नवी परवानगी मिळाली, दवाखान्याच्या प्रमुखांकडे मी स्वतः अर्ज घेऊन गेलो आणि गेले दोन आठवडे त्या वॉर्डात सोबतच्या माणसालाही त्याचं वेगळं ताट जातं. मी जवळ बसतो, गप्पा मारतो आणि पाहतो. पहिल्या दिवशी दोन ताटं पाहून आजी माझ्याकडे संशयाने बघत राहिल्या. आजोबांनी पहिला घास घेतल्यावरच त्यांनी चमचा उचलला. काल त्यांचं वजन घेतलं. चारशे ग्रॅम वाढलं! चारशे ग्रॅम, ताई! मी वॉर्डात टाळ्या वाजवल्या. परिचारिका रागावल्या, काडी उड्या मारत होती आणि आजी म्हणाल्या, "साहेब, एवढं काय झालं? जेवले फक्त."

आता ज्यासाठी हे पत्र, ते लिहितो. टपाल कचेरीच्या बाकावर बसून लिहितोय, घरी लिहिलं की फाडलं जातं. आधीची तीन फाडली. आमच्या पुस्तकात मुलींच्या वाढीचा एक धडा आहे. तेरा ते सोळा या वयात पोटभर मिळालं नाही तर उंची राहून जाते, असं त्यात आहे. तू माझ्या खांद्याला लागतेस. सगळे तुला बुटकी म्हणायचे, मीसुद्धा म्हणायचो. तेवढं एकच कारण होतं असं शास्त्र छातीठोकपणे सांगणार नाही, पण मला एक दुपार आठवते. आई जाऊन वर्ष झालं होतं. तू पंधराची, मी दहाचा. चौथीत पहिला आलो म्हणून धावत घरी आलो होतो. तू वाढलंस, मी पुन्हा मागितलं, तू पुन्हा वाढलंस आणि म्हणालीस, "माझं मघाशीच झालंय." मी पाणी प्यायला उठलो तेव्हा दाराच्या फटीतून तू दिसलीस. पातेल्याच्या तळाची करपलेली खरवड सोडवण्यासाठी त्यात पाणी घालत होतीस, तुझ्यासाठी. मी पाहिलं आणि परत येऊन बसलो आणि हाक मारली, "ताई, अजून आहे का?" तू म्हणालीस, "आहे की!" आणि ती खरवडही माझ्या ताटात आणून घातलीस. मी खाल्ली. मग तू पदराने तोंड पुसलंस. तुला आजपर्यंत वाटलं असेल, पोर लहान होतं, त्याला काय कळणार. रविवारी आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. स्वयंपाक मी करणार, आधी तू बसणार, आणि मी समोर बसून पाहणार. काटा आणणार नाही, घाबरू नकोस. खरवडीचं ते तुला सांगायचं मी कितीदा ठरवलं, आणि दर वेळी तू "जेवलास का?" विचारलंस आणि मी "हो" म्हणून गप्प बसलो. पाकिटावर तिकीट लावून झालंय, पेटी चार पावलांवर आहे. ताई, त्या दुपारी तू जेवली नव्हतीस. मला माहीत होतं. एकोणचाळीस वर्षांनी ती नोंद आज दुरुस्त केली.

तुझाच,
खादाड