अर्चनाच्या फॉर्मातले टक्के

मंगळवार, सांजच्याला, ऑनलाइन फॉर्म भरायच्या माझ्या दुकानातच

अर्चनाचा फॉर्म बाद झाला. सैन्यात अधिकारी व्हायचं होतं तिला, आणि वयात बसणारी ही शेवटची भरती. फॉर्म मी भरला होता. माझ्या ह्याच हातानं.

ती रशियात शिकून आली. गुणपत्रिकेवर टक्के नाहीत, पाचपैकी ४.२ आहेत. तेव्हाच ती म्हणली होती, "परदेशी पदवी इथल्या बरोबरीची आहे असा दिल्लीहून समकक्षतेचा दाखला आणावा लागतो म्हणं."

"कशाला? मी हाय ना! भरतीच्या हेल्पलाइनला विचारतो."

दुसऱ्या दिवशी सांगितलं, फोन केलता, दाखला लागत न्हाई म्हणले. फोन केलाच नव्हता. आपल्या विद्यापीठाच्या पोरांचे काढतो तसे, ४.२ ला विसानं गुणून ८४ टक्के टाकले. दुसऱ्या वर्षालाच कॉलेज सोडलेला मी, तिच्या पदवीचे टक्के काढायला बसलो! तिच्यापुढं शहाणपणा मिरवायची लई खाज. ८४ म्हणल्यावर कशी हसली होती.

आज ती मेल दाखवायला आली. दाखला नाही म्हणून अर्ज नामंजूर. मी टेबलावर मूठ आपटली, त्या ऑफिसवाल्यांच्या सात पिढ्या काढल्या. तीच मला समजवायला लागली, "गप रे, तुझा काय दोष? तू तर विचारलं होतंस." मग म्हणली, तक्रार करू, फोनवरच्या माणसानं नाव सांगितलं होतं का?

तेव्हा तरी खरं बोलायचं होतं.

मी तोंडाला आलं ते नाव सांगितलं. तिनं स्पेलिंग विचारून नीट लिहून घेतलं.