रूथ माळवदावर पाणी का नेते

गुरुवार, १२ फेब्रुवारी. गेवराई.

टँकर आठ दिवसांनी येतो आणि आमची नात रूथ कॉलेजातून आली की तांब्याभर पाणी घेऊन माळवदावर जाते. रोज. उतरते ती गुणगुणत. कोणाला देते? शेजाऱ्यांचे माळवद लागूनच आहे, म्हणून जास्तच संशय. विचारले तर म्हणे, "माज्या अंघोळीतलं वाचवलंय, आजोबा. तुमचं न्हाई." अंघोळीचे पाणी वाचवून कोण एवढे खूश होते?

आज गुडघे धरत वर गेलोच. तांब्या रिकामा. दूध सोसायटीच्या फुटक्या कॅनमध्ये वीतभर मेथी!

रूथ मागून ओरडली, "हात लावू नका! रविवारी चर्चमधी हंगामाचा सण हाय. पहिलं पीक देवाला. गेल्या साली रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून तुमी घरीच बसलात ना?"

"एवढीशी जुडी? लोक हसतील."

"हसू द्या. तुमीच न्यायची."

म्हणजे हा सगळा खटाटोप मला घराबाहेर काढायला? सूनबाईही खाली हसत होती. तिला आधीच ठाऊक असणार. दोघींचा भरवसा नाही.

चर्चला घालायच्या सदऱ्याचे वरचे बटण तुटले आहे. आता तेही त्यांनाच सांगावे लागणार.