शरीफच्या बुलेटची सीट

५ जून १९९४
शेजारचा शरीफ काल दुबईला गेला. बुलेट आमच्या पडवीत लावून गेला, कारण त्याची आई नूरबानो हल्ली रोह्याला लेकीकडे असते, इथलं घर बंद. निघताना म्हणाला, "काकी, गाडी गंजली तरी चालंल. सीट तेवढी सांभाळा. अब्बांच्या हातची शेवटची हाय." त्याच्या अब्बांचं, महमूदभाईंचं, पेणला सीटचं दुकान होतं. कातडं अस्सल, काळं कुळकुळीत. मी म्हटलं, जा निवांत. खाडीकाठी चाळीस वर्षं होडी राखली, सीट काय चीज हाय!

७ जून
सीट ओल्या फडक्याने पुसली, सावलीत वाळवली. उन्हात नाय, कातडं तडकतं. मग मुशी माशाचं तेल चोळलं, होडीला लावायचो तेच. शिवणीवर बोटाने दोनदा. माझी नात शांती नाकाला ओढणी लावून म्हणते, "आजी, खोबरेल तरी लाव. गाडी हाय ती, बोंबील नाय." लिहायला तिनेच शिकवलं म्हणून ऐकून घेते.

१९ जून
पडवीत झड आली. सीटवर पाणी अळवाच्या पानावरून पळावं तसं पळालं. शांतीला हाताला धरून दाखवलं. 

२ जुलै
सकाळी बघते तर सीटवर बोका. तेलाच्या वासाने आलेला मेला. नख्या काढून चाटतोय. शिवण वीतभर उसवली. जेवण गेलं नाय.

३ जुलै
शांती म्हणते पेणहून शिवून आणू. मी म्हटलं, महमूदभाईंच्या शिवणीला परका हात नको, जाळी शिवली ती सीट पण शिवीन. पान्याने बोल्ट काढले. सीट उलटी केली.
आत दोऱ्याच्या गाठी — जाळ्याची गाठ असते तशा. आणि एकूण एक डावीकडून फिरवलेल्या.
अशी गाठ एकच माणूस मारायचा. आमचे हे. डावखुरे. महमूदभाईंच्या मागोमाग वर्षाच्या आत गेले.

५ जुलै
आगगाडीने रोह्याला गेले, निडी स्टेशनापर्यंत उभी. नूरबानोला सगळं सांगितलं, बोक्यासकट. आधी हसली, मग पदर डोळ्याला.
"यांचे हात कापायचे गो हौसा. सुई धरवंना. तुझे मालक महिनाभर येऊन शिवत व्हते, हे नुसते बाजूला बसून सांगत. कुणाला बोलायचं नाय म्हणाले. पोराला तर नायच."
तो महिना मला चांगला आठवतो. यांना घरी यायला रोज उशीर. विचारलं की म्हणायचे, पत्ते खेळत होतो. जुगारी म्हटलं मी यांना. शेजारच्या धोंडुबाईच्या देखत म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं.
येताना गाडीत ठरवलं. शरीफला त्या सीटमध्ये बाप दिसतो ना, मग बापच राहू दे. उसवलेलं मी शिवणार, गाठ डावीकडूनच मारणार. कळणार नाय त्याला.

८ जुलै
शिवली. उजव्या हाताला डावी गाठ म्हणजे उलटं चालणं. तीनदा सोडली, चौथ्यांदा बसली. वरून मेण आणि खोबरेल, गरम करून. शांती नुसती हसली. बोका दोनदा फिरकला, हुंगून गेला.

९ मे १९९५
शरीफ आला, ईदसाठी. चहासुद्धा घेतला नाय, आधी सीट खालून चाचपली.
"शेवटच्या गाठी तुमच्या ना, काकी? काका घट्ट मारायचे."
हातातला कप मी कट्ट्यावर ठेवला.
"मी दुकानाच्या दारातून बघायचो रोज. मी बघतोय हे अब्बांना माहीत नव्हतं. काकांची शिवण हाय, म्हणून तर गाडी तुमच्याकडं ठेवली."
मग किक मारली. म्हणाला, बसा मागं, धरमतरला जाऊन येऊ.
बसले.