पाटणच्या तानुबाई परदेशी नाहीत

प्रति,
मा. कुलसचिव,
येरळाकाठ विद्यापीठ,
सांगली.

विषय : श्रीमती तानुबाई बाळासो कोळेकर यांना नेपाळी नागरिक ठरवून सदतीस विद्यार्थ्यांचे निकाल राखून ठेवल्याबाबत.

संदर्भ : १) आपले दि. २४ जून २०२५ चे पत्र. २) दि. २ जुलै २०२५ ची सुनावणी.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला 'शेजारी देश : नेपाळचा इतिहास, समाज आणि संस्कृती' हा दोन श्रेयांकांचा विषय होता. तो शिकवणारे प्रा. जयराज मोहिते तासिका तत्त्वावर नेमलेले. शिरवळ ओलांडून आपण पुण्यापर्यंत गेलो आहोत, त्यापुढे नाही, हे त्यांनी पहिल्याच तासाला कबूल केले. पुस्तक वाचून दाखवले की तास संपे.

दिवाळीनंतर सर आईला घेऊन सांगलीच्या सरकारी दवाखान्यात गेले होते. तेथे एका गुरख्याची बायको पोट धरून रडत होती आणि तिचे बोलणे डॉक्टरांना कळत नव्हते. रांगेतली एक बाई पुढे झाली, तिच्याशी नेपाळीत बोलली आणि डॉक्टरांना म्हणाली, "आवं सायेब, कालपास्नं लघवीला झालं न्हाई म्हणतीया ती." त्याच तानुबाई. सरांनी त्यांना वर्गात येण्याची गळ घातली. आपल्याच कार्यालयाने त्यास 'अनुभवी अतिथी' म्हणून मंजुरी दिली.

तानुबाई मूळच्या आटपाडी तालुक्यातील मेंढपाळ घरातल्या. त्या भागातली पुष्कळ घरे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी दूरदूर गेली. त्यांचे पती बाळासो यांनी काठमांडूला लागून असलेल्या शहरात भट्टी टाकली. त्या शहराचेही नाव पाटण. तेथे तानुबाई एकोणीस वर्षे राहिल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईला अक्षरओळखही शेजारच्या मैया शाक्य यांनी करून दिली.

पहिल्या तासाला त्या हातातली पिशवी खाली ठेवेनात. पुस्तकात 'गुठी' या नेपाळी संस्थेवर चार ओळी होत्या. सरांनी तेवढेच विचारले. मग त्या बोलू लागल्या. २०१५ च्या भूकंपात भट्टीची भिंत बाळासोंवर पडली. शहरभर प्रेते, आणि यांचे म्हणून खांदा द्यायला कोणी नाही. गुठी म्हणजे सुखदुःख सांभाळणाऱ्या घरांचा मेळ. ती आपल्या सभासदांचेच मयत उचलते. बाळासो सभासद नव्हते, त्या देशाचेही नव्हते. तरी मैयाच्या गुठीची आठ माणसे आली. त्यांतल्या दोघांची स्वतःची घरे त्याच दिवशी पडली होती. "मला इचारलं बी न्हाई तुमी कोन म्हून," तानुबाई म्हणाल्या, "उचललं न् चालाय लागली." त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठले नाही. पुढच्या तासापासून शेजारच्या वर्गातली मुलेही दारात उभी राहू लागली.

आता चूक कोठे झाली ते नम्रपणे निदर्शनास आणते. मंजुरीच्या अर्जात 'जन्मस्थळ' या रकान्यात 'पाटण' लिहिले होते. तो सातारा जिल्ह्यातला, कोयनेकडचा पाटण तालुका. 'वास्तव्य' या रकान्यातही 'पाटण' होते. ते नेपाळातले, पती गेल्यावर इकडे परत येईपर्यंतचे. परीक्षेनंतर फाईल तपासणाऱ्यांनी दोन्ही पाटण एकच धरले आणि पूर्वपरवानगीशिवाय परदेशी व्यक्तीकडून अध्यापन झाल्याचा शेरा मारला. आमच्याच उत्तरपत्रिकांतील 'पाटण हे नेपाळमधील प्राचीन शहर आहे' हे वाक्य त्याला पुरावा म्हणून जोडले. सरांचे तास त्याच दिवशी बंद झाले.

सुनावणीला तानुबाई माझ्यासोबत आल्या. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी आवाज चढवून विचारले, "तुम्ही नेपाळी आहात का?" एकोणीस वर्षे परक्या मुलखातल्या कचेऱ्यांत उभे राहून लागलेली सवय, भीतीने त्यांच्या तोंडून त्याच भाषेत निघाले, "होइन, हजुर." याचा अर्थ 'नाही, साहेब' असा होतो. इतिवृत्तात 'होय, हजर' असे लिहिले गेले. महोदय, तानुबाई 'होय' कधीच म्हणत नाहीत. आमच्याकडे 'व्हय' म्हणतात. हे मी तेथेच सांगू लागले, तेव्हा मला बाहेर बसवण्यात आले.

आता सोमवार, दि. १४ जुलैपर्यंत जन्माचा पुरावा द्या, अन्यथा प्रकरण पोलिसांकडे जाईल, असे कळवले आहे. त्यांचे लग्नाचे कागद भूकंपात गेले. आधारकार्ड दाखवले, ते जन्माचा पुरावा नाही म्हणून परत केले. पाटण तालुक्यातील तीन ग्रामपंचायतींत आम्ही जाऊन आलो; नोंद नाही. असणार कशी? त्यांच्या थोरल्या बहीण अंबूबाई सांगतात, "मेंढरं घिऊन कोयनंकडं चाललो हुतो. वाटंत आईच्या पोटात दुखाय लागलं. झाडाखाली झाली ती. तिसऱ्या दिशी परत चालाय लागलो, मेंढरं थांबत्यात व्हय?" त्या झाडाचा दाखला कोणत्या कार्यालयात मिळतो, हे कृपया कळवावे. आम्ही तेथेही जाऊ.

माझी बी.एड.च्या प्रवेशाची शेवटची तारीख १६ जुलै आहे. वर्गातील अमृत पवार याची फौजेतील भरती निकालाअभावी अडली आहे. हे तानुबाईंच्या कानावर गेल्यापासून त्या जेवत नाहीत. काल त्यांनी मला बसवून घेतले आणि म्हणाल्या, "प्रांजल, मी नेपाळीच हाय म्हून लिही. माझं काय व्हयाचं ती व्हऊ दे, पन पोरास्नी पास करा म्हनावं." मी लिहीत नाही म्हटले. त्यांनी माझे हात धरले. पोलीस आले तर नेसायचे म्हणून एक लुगडे त्यांनी धुऊन वेगळे ठेवले आहे. महोदय, ते वाक्य मी लिहिणार नाही. सदतीस जणांपैकी एकानेही ते लिहावे असे म्हटले नाही, अमृतनेही नाही.

तरी विनंती की, अंबूबाईंची साक्ष नोंदवावी. त्यांना चालवत नाही, आम्ही गाडीतून आणू. 'होइन' या शब्दाचा अर्थ कोणत्याही नेपाळी माणसाला विचारून इतिवृत्त दुरुस्त करावे आणि निकाल जाहीर करावेत. यातले काहीच होणार नसेल, तर सोमवारी सकाळी तानुबाई आपल्या दारात हजर राहतील आणि आम्ही सदतीस जण त्यांच्यासोबत बसू.

आणि त्यांना परत पाठवायचेच ठरले, तर नेमके कोठे पाठवणार तेवढे लेखी द्यावे. कारण तिकडच्या गल्लीत एकोणीस वर्षे त्यांना कोणी नावाने हाक मारली नाही. सगळे त्यांना 'इन्डियाकी दिदी' म्हणत.

आपल्या लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,

प्रांजल तानाजी गोरड
(बी.ए. भाग ३; तानुबाई कोळेकर यांच्या वतीने व त्यांना वाचून दाखवून)

सही : तानुबाई बा. कोळेकर

सांगली, दि. १० जुलै २०२५

सोबत : १) सदतीस विद्यार्थ्यांच्या सह्या. २) अंबूबाईंचा जबाब, अंगठ्यासह. ३) सातारा जिल्ह्याचा नकाशा, पाटणभोवती गोल करून. ४) नेपाळचा नकाशा, तसाच.