दोरीने बांधलेली ओळ

८ मार्च १९९२

पोहोचले एकदाची! बसमधून उतरते तोच छापखान्याचे दोन्ही मालक थांब्यावर हजर, आणि दोघांच्याही हातात एकेक लाल फूल. आज महिला दिन ना! फूल आधी कुणी द्यायचं यावरून तिथेच दोघांची जुंपली. हिल्मोकाका मुसलमान, वुकाशिनकाका सर्ब. मिसरूड फुटल्यापासून एकाच छापखान्यात भांडताहेत. हिल्मोकाकांचा रोजा चालू आहे, म्हणून वुकाशिनकाका मुद्दाम त्यांच्यासमोर कॉफीचे भुरके मारतात. हिल्मोकाका म्हणाले, पी लेका, तुझ्या निधनपत्रकावर कॉफीचा डाग पाडूनच छापतो की नाही बघ.

माझं काम छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचं. इथे माणूस गेला की त्याचं निधनपत्रक चौकातल्या लिंडनच्या झाडावर लागतं. मुसलमानाला हिरवी चौकट, सर्बाला काळी. मयताच्या नावापुढे बापाचं नाव हवंच. मलाही लगेच विचारून झालं, पोरी, बापाचं नाव काय? म्हटलं, बाप साफेत, मुसलमान; आई मिलोयका, सर्ब. मग हिची चौकट कोणती, यावर पुन्हा वाद. शेवटी ठरलं की माझा कागद दोनदा यंत्रातून काढावा लागेल, फार व्याप होईल, तेव्हा मी मरूच नये. हसून हसून पोट दुखलं.

खोलीच्या खिडकीतून द्रिना दिसते. पलीकडचा काठ आता सर्बिया, म्हणजे निराळा देश म्हणायचा.

१९ मार्च

हात बसला. हिरव्या पत्रकाची शेवटची ओळ हिल्मोकाकांनी जुळवून, दोरीने बांधूनच ठेवली आहे: ‘जनाजा आज, दुपारच्या नमाजेनंतर, मशिदीच्या अंगणातून.’ ती कधी बदलत नाही. नाव जुळवायचं, बांधलेली ओळ खाली सरकवायची, की काम झालं. माझा हात आता न बघता तिकडे जातो.

हिल्मोकाका गावातला एक जनाजा चुकवत नाहीत. वुकाशिनकाकाही टोपी काढून मागून चालतात. मला हे गाव फार आवडलं आहे.

आज वुकाशिनकाकांचा मुलगा नेनाद आला होता. हिल्मोकाकांच्या मांडीवर बसून हा खिळे ओळखायला शिकला म्हणे. आता अंगात कुठल्याशा पथकाचा नवा कोरा गणवेश. हिल्मोकाकांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, आणि बापाने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. मला संताप आला.

४ एप्रिल

ईद. हिल्मोकाका दरवर्षीप्रमाणे वुकाशिनकाकांकडे बकलाव्याच्या मिठाईचं ताट घेऊन गेले, सोबत मी. नेनादने ताट अंगणात फेकलं. देश वेगळा करायच्या सार्वमताची पत्रकं यानेच छापली, हा देश मोडायला निघालाय, असं ओरडला. वुकाशिनकाका खाली बसून मातीतले तुकडे गोळा करत राहिले. परतताना हिल्मोकाका एवढंच म्हणाले, बाप आहे गं तो.

९ एप्रिल

गाव नेनादच्या सर्ब पथकाच्या ताब्यात गेलं. औषधवाल्या नेजिबला त्याच्या दुकानाच्या पायरीवर गोळी घातली. त्याच्या धाकट्या भावाला सांगितलं, उचल आणि पुलावरून फेक. त्याने फेकलं. मग त्यालाही ढकललं, आणि तो पोहायला लागला तेव्हा वरून नेम धरले. मी खिडकीत होते. पाणी हिरवं राहिलं नव्हतं.

मुसलमान पुरुष माळ्यांवर, रानात लपलेत. बायका दार उघडत नाहीत.

१० एप्रिल, सकाळ

वुकाशिनकाका धापा टाकत आले. आज हिल्मोची पाळी आहे, असं नेनाद घरात बोलला. हिल्मोकाकांना तळघरात कागदाच्या गठ्ठ्यांमागे लपवलं आहे. वुकाशिनकाकांनी मला सांगितलं, हिल्मोचं पत्रक छाप, काळीज बंद पडून गेला म्हण. मेलेल्याला कोण शोधतंय? त्याच्या मुलीने नेऊन तिच्या गावी पुरला, असं मी सांगेन.

छापलं. हिरवी चौकट. झाडाला लावलं, मशिदीच्या दाराला लावलं. नेनादने वाचलं आणि हसला.

म्हणजे फसला! हिल्मोकाका वाचले. दोन्ही म्हातारे तळघरात भांडताहेत, मला वरपर्यंत ऐकू येतंय.

दुपार

माणसं मशिदीकडे चालली आहेत. माळ्यांवरची, रानातली, दाढी वाढलेली. कोट घातलेत. का चालली आहेत?

—

ती ओळ. बांधलेली ओळ. मी सवयीने हिल्मोकाकांच्या नावाखाली सरकवली. पुन्हा वाचलंच नाही—

प्रत्येकाच्या मयताला खांदा दिलेला माणूस. त्याला एकटं कसं जाऊ देतील—

ओरडत धावले. चौकातल्या शिपायाने बंदुकीचा दस्ता तोंडावर मारला. दोन दात गेले. मशिदीचं फाटक बाहेरून बंद केलं होतं. नेनादची माणसं भिंतीवर बसली होती. पत्रक त्यांनीही वाचलं होतं.

नंतर

गोळीबार थांबत नाही. किंकाळ्या थांबल्या, गोळ्या नाही. फाटकाखालून वाहतंय.

हिल्मोकाका वर आले. गोळीबार कुठे चाललाय, विचारलं. मी सांगितलं. सगळं सांगितलं. मला वाटलं मारतील. त्यांनी हातांची शाई धुतली, टोपी घातली. म्हणाले, माझा जनाजा आहे, मी नको का?

वुकाशिनकाका दारात आडवे उभे राहिले. मग त्यांचा हात धरून तेही निघाले. टोपी काढून.

खिडकीतून दिसतंय, नेनाद मशिदीच्या फाटकापाशी. किंचाळतोय, बाबा बाजूला व्हा, बाबा— ते झाले नाहीत. नेनादने तोंड फिरवलं. त्याच्या शेजारच्या शिपायाने दोघांना—

माझ्यामुळे. सगळे माझ्यामुळे.

—

घरोघर फिरताहेत. आधी बापाचं नाव विचारतात, मग ठरवतात.

आईच्या वडिलांचं नाव ओब्राद, सर्ब नाव. साफेतची म्हटलं तर मारतील, ओब्रादची मुलगी म्हटलं तर सोडतील. सोपं आहे. एक शब्द.

खिळे उघडे पडलेत. हाताने आपोआप माझं नाव जुळवलं, जास्ना. पुढची जागा रिकामी. चौकट—

जिन्यावर बूट. नेनादचा आवाज.

दार ठोकतोय. विचारतोय. तोंडात रक्त आहे, नीट बोलता येणार नाही, म्हणून मोठ्याने सांगणार आहे. माझ्या बापाचं नाव सा